न गेलेला पैसा

(एका स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्या गुरुजींच्या नावाने ही व्याख्यानमाला चालते ते या वाचनालयाचे कितीतरी वर्षं हिशेबनीस होते. विजेचं बिल आलं की ते आधी जिन्याखालच्या मीटरवरचा आकडा पाहून यायचे, मागच्या महिन्याचा आकडा त्यातून वजा करायचे आणि मगच शिपायाला पैसे देऊन पाठवायचे. आम्ही पोरं हसायचो. पुढे नगरपरिषदेत लेखापाल म्हणून माझी हयात गेली, आणि गुरुजींची ती सवय आमच्या कार्यालयाला असती तर आज मला बोलायला विषयच मिळाला नसता.

विषय साधा आहे. एखाद्या गावाला ध्यानीमनी नसताना विजेच्या, पाण्याच्या किंवा गॅसच्या हिशेबातून पैसे परत मिळाले, तर ते कुठे खर्च करायचे हे कुणी आणि कसं ठरवायचं? कर वाढवायचा असला की सभागृहात सगळे शहाण्यासारखे बोलतात. फुकटचे पैसे आले की खरी परीक्षा होते.

माझ्या नोकरीतली एक हकीकत सांगतो. गावाचं नाव, वीज कंपनीचं नाव आणि परताव्याचा आकडा, तिन्ही सांगणार नाही. आकडा सांगितला तर गाव ओळखू येईल. नदीवर आमचं जॅकवेल होतं, तिथून पाणी शुद्धीकरण केंद्रात चढवायचं. नगरपरिषदेच्या खर्चात पगारानंतरची मोठी रक्कम या पंपांच्या विजेची. एके वर्षी मीटरच्या पेटीतल्या सीटी, म्हणजे करंट ट्रान्सफॉर्मर, बदलले गेले. मोठ्या जोडणीवर मीटर सगळी वीज थेट मोजत नाही. थोडा अंश मोजतो आणि बिल करताना त्याला एका गुणकाने गुणतात. सीटी नव्या आल्या, गुणक मात्र जुनाच राहिला. वापरलेला एक युनिट बिलात दोन होऊन येऊ लागला, आणि आम्ही महिन्यामागून महिने निमूटपणे भरत राहिलो.

हे पकडलं आमच्या पंपचालकाने. ना अभियंत्याने, ना लेखापरीक्षकाने, ना मी. तो पंपहाऊसच्या लॉगबुकात रोज लिहायचा: कुठला पंप किती वाजता चालू, किती वाजता बंद, व्होल्टेज किती, अँपिअर किती, आणि शेवटच्या रकान्यात शेरा. मोटार किती अश्वशक्तीची आणि ती किती तास चालली, हे माहीत असलं की युनिटचा अंदाज पाटीवर काढता येतो. त्याने तो काढला आणि एक दिवस कागद घेऊन माझ्या टेबलापाशी उभा राहिला. म्हणाला, "साहेब, एवढी वीज खायला माझ्या मोटारी चोवीस तासांचा दिवस अठ्ठेचाळीस तासांचा करून चालवायला लागतील." मग पत्रं गेली, चाचणी झाली, सुनावणी झाली, आणि कंपनीने चूक मान्य केली.

पैसे परत येणार म्हटल्यावर कार्यालयात पेढे वाटले गेले, तेव्हा पुढचा घोटाळा कुणाच्या लक्षात आला नव्हता. पैसे धनादेशाने आले नाहीत. पुढच्या बिलांत वजावट म्हणून आले. बिल यायचं, त्यात खाली जमा रक्कम दाखवलेली असायची आणि भरायची रक्कम शून्य. तिजोरीत एक रुपयाही आला नव्हता. जायचा तो गेला नव्हता, एवढंच. लेखापालाच्या दृष्टीने या दोन्हींत फरक नाही. नगरसेवकाच्या दृष्टीने मात्र जमीन-अस्मानाचा आहे. आलेल्या पैशाचा सत्कार करता येतो. न गेलेला पैसा दिसतच नाही, तो पाणीपुरवठ्याच्या वीज-खर्चाच्या लेखाशीर्षात अखर्चित म्हणून पडून असतो.

आता जरा लांब जाऊ. माझी मुलगी इंग्लंडात बर्मिंगहॅमला नोकरीला आहे. २०१९ च्या उन्हाळ्यात तिच्याकडे गेलो होतो, तेव्हा तिने मला तिथलं म्युझियम आणि आर्ट गॅलरी दाखवायला नेलं. जिना चढून गेलं की समोर बुद्ध. तांब्याची, माणसापेक्षा उंच, एक हात अभयमुद्रेत असलेली मूर्ती. बिहारात सुलतानगंजला १८६० च्या दशकाच्या सुरुवातीला रेल्वेचं काम चाललं होतं, त्या खोदकामात ती सापडली. बर्मिंगहॅमच्या सॅम्युअल थॉर्नटन नावाच्या कारखानदाराने ती विकत घेऊन आपल्या गावाला दिली. तेव्हा गावात म्युझियम नव्हतं. मूर्ती आधी आली आणि तिला साजेशी इमारत वीस वर्षांनी झाली. ती इमारत बांधली गॅसखात्याने. हे मला तिथे कळलं, आणि मी चित्रं सोडून भिंतीवरच्या पाट्या वाचत बसलो. मुलगी वैतागली.

१८७३ साली त्या गावाचा महापौर झाला जोसेफ चेंबरलेन, स्क्रू तयार करणारा यशस्वी कारखानदार. त्या काळी गावात गॅस पुरवणाऱ्या दोन खासगी कंपन्या होत्या. रस्त्यांवरचे दिवे, दुकानं, कारखाने, सगळं त्यांच्या गॅसवर. चेंबरलेनचं म्हणणं असं की आपल्या नगरपालिकेला उत्पन्न देणारी इस्टेट नाही. गटारं, रस्ते, आरोग्य यांचा सगळा भार घरपट्टीवर पडतो, आणि घरपट्टी वाढवली की लोक ओरडतात. मग या कंपन्याच का विकत घेऊ नयेत? नगरपालिकेने त्या सुमारे २० लाख पौंडांना घेतल्या. १८७५ मध्ये व्यवहार पुरा झाला, आणि पहिल्याच वर्षी ३४ हजार पौंड नफा झाला. (योगायोग असा की त्याच १८७५ साली पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांनी वसंत व्याख्यानमाला सुरू केली. आपण आज इथे बसलो आहोत त्याचं मूळ तिथे.)

पुढच्या वर्षी चेंबरलेनने पाण्याची कंपनीही घेतली, साडेतेरा लाख पौंडांना. इथे हा माणूस मला फार हुशार वाटतो. तो म्हणाला, गॅसवर नफा घ्यायचा, पाण्यावर मात्र कधीच घ्यायचा नाही. पाण्यात जे उरेल त्यातून पाण्याचा दर कमी करायचा. वरवर पाहता विसंगत वाटतं. दोन्ही सेवा नगरपालिकेच्याच, मग एकीवर नफा आणि दुसरीवर नाही, असं का?

त्याने दिलेली कारणं काहीही असोत, मला त्यामागे एक हिशेब दिसतो. त्या काळी गॅस कोण जाळत होतं? कारखानदार, दुकानदार, बरी परिस्थिती असलेली घरं. गरिबाच्या खोलीत मेणबत्ती नाहीतर तेलाचा दिवा. नाणं टाकून गॅस मिळणारे मीटर पुढे आले, तेव्हा कुठे गॅस त्याच्या घरात शिरला. पाणी मात्र सगळ्यांनाच लागतं, आणि गरिबाच्या वाड्यातली विहीर घाण होती, तिच्यामुळे साथी येत होत्या. गॅसवरचा नफा म्हणजे ऐपतदारावर हळूच बसवलेला कर. पाण्यावरचा नफा घेतला असता तर तो आजाऱ्यावरचा कर झाला असता. पैसे कुणाच्या खिशातून आले, हा प्रश्न पैसे कुठे खर्च करायचे याच्या आधी विचारलेला होता.

आता गॅलरीचं. १८८० मध्ये टँजाय बंधूंनी नगरपालिकेला १० हजार पौंड देऊ केले. हे पंप आणि जॅक तयार करणारे कारखानदार. त्यांच्या पैशातून कलाकृती घ्यायच्या, पण अट अशी की त्या ठेवायला नगरपालिकेने नीट जागा करावी. अडचण होती कायद्याची. ग्रंथालय आणि संग्रहालयासाठी पौंडाला एक पेनीपेक्षा जास्त पट्टी बसवता येत नव्हती, आणि तेवढ्यात इमारत होणं शक्य नव्हतं. तेव्हा तोडगा निघाला: गॅसखात्याला नवी कचेरी हवीच आहे ना? गॅस समितीने इमारत बांधावी, खाली कचेऱ्या, वर गॅलरी. गॅसच्या नफ्यावर एका पेनीची मर्यादा नव्हती. १८८५ च्या नोव्हेंबरात प्रिन्स ऑफ वेल्सच्या हस्ते उद्घाटन झालं. उद्योगाच्या कमाईतून आम्ही कला वाढवतो, अशा अर्थाचा लेख तिथे दगडात कोरलेला आहे.

तो लेख वाचून मी लेखापाल म्हणून हसलो. ही तर शुद्ध पळवाट होती. आमच्या लेखापरीक्षकाने असला खर्च पाहिला असता तर आक्षेपांचं पान भरलं असतं: गॅसच्या निधीतून चित्रांसाठी जिना आणि छतावरच्या काचा कशा? पण एक गोष्ट मान्य करायला हवी. पळवाट उघड होती. ती दगडात कोरून दारात लावली होती. पैसे कुठून आले ते येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचता येत होतं.

पुढे त्याच संकुलात एक मोठा हॉल झाला. तिथे लोक गॅसची बिलं भरायला यायचे. आज तिथे प्रदर्शनं भरतात, नाव अजून गॅस हॉलच आहे. खिडकीपाशी बिल भरायला रांगेत उभा राहिलेला माणूस आणि वरच्या मजल्यावरचा बुद्ध एकाच छपराखाली. खालचा वरच्याचा खर्च भरत होता.

ही परीकथा नाही, म्हणून पुढचंही सांगतो. १ मे १९४९ ला इंग्लंडातला गॅसउद्योग सरकारच्या मालकीचा झाला आणि नगरपालिकेचं ते दुभतं जनावर गेलं. आणि २०२३ च्या ५ सप्टेंबरला याच बर्मिंगहॅमच्या महापालिकेने जाहीर केलं की आपल्याकडे पैसे नाहीत, अत्यावश्यक सोडून नवा खर्च बंद. फसलेली संगणकप्रणाली हे एक कारण होतं. दुसरं माझ्या विषयाशी जास्त जवळचं. महापालिकेत काम करणाऱ्या बायकांना, सारख्याच मोलाच्या कामासाठी, पुरुषांपेक्षा कमी मोबदला वर्षानुवर्षं दिला गेला होता. कोर्टकचेऱ्या झाल्या आणि थकबाकीचा डोंगर अंगावर आला. म्हणजे इतकी वर्षं अंदाजपत्रकात जी काटकसर दिसत होती ती काटकसर नव्हतीच. तोही न गेलेला पैसाच होता, फक्त तो सफाई करणाऱ्या, स्वयंपाक करणाऱ्या बायकांचा होता. नंतरच्या अंदाजपत्रकात स्थानिक कलासंस्थांचं अनुदान कापलं, मालमत्तेवरचा कर जवळजवळ १० टक्क्यांनी वाढवला आणि रस्त्यावरचे दिवे मंद करायचं ठरवलं. गॅसच्या दिव्यांवर ज्या गावाने गॅलरी बांधली, त्याच गावाने!

आपल्याकडेही असा एक संसार आहे. मुंबईची 'बेस्ट'. १९०५ साली स्थापन झालेली ही वीज आणि ट्रामची कंपनी १९४७ च्या ऑगस्टमध्ये महापालिकेने ताब्यात घेतली. एकाच उपक्रमाचे दोन हात: एक वीज विकतो, दुसरा बस चालवतो. विजेत उरायचं, बसमध्ये तुटायचं, आणि एका हाताचं दुसऱ्याला दिलं जायचं. कित्येक वर्षं मुंबईकराला बसचं तिकीट स्वस्त मिळालं त्यात विजेच्या या शिलकीचा वाटा होता, आणि मला ते योग्यच वाटतं. पण गुंता असा की 'बेस्ट'ची वीज कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतच्या शहरातच मिळते, बस मात्र दहिसर-मुलुंडपर्यंत आणि त्यापुढेही जाते. म्हणजे गिरगावातल्या चाळीत पंखा लावणारी आजी बोरिवलीच्या बसमधल्या कारकुनाच्या तिकिटाचा काही भाग भरत होती. वीज कायदा २००३ आला, नियामक आयोग प्रत्येक घटकाचा हिशेब विचारू लागला, आणि जे पोटात होतं ते बिलावर आलं: परिवहन तुटीपोटी वेगळा आकार. मग लोक खवळले, वाद आयोगापुढे आणि न्यायालयांत गेले. आधीही तेच लोक तेच भरत होते. फरक एवढाच की आता ते छापून येत होतं.

अशा विषयावर बोलणारे वक्ते हटकून अथेन्सचं उदाहरण देतात. इसवी सनापूर्वी ४८३ च्या सुमारास लॉरिऑनच्या खाणीत चांदीचा मोठा साठा लागला. प्रत्येक नागरिकाला दहा द्राख्मा वाटून टाकावेत असं ठरत होतं. थेमिस्टोक्लीस उभा राहिला आणि म्हणाला, जहाजं बांधू. तीच जहाजं ४८० मध्ये सॅलामिसला इराणच्या आरमाराविरुद्ध कामी आली. गोष्ट छान आहे, पण तिच्यावरून नगरपरिषदेला उपदेश करण्यात अर्थ नाही. आमच्या नगरसेवकांना क्षितिजावर इराणचा राजा दिसत नव्हता, पुढची निवडणूक दिसत होती. आणि दुसरं म्हणजे ती चांदी गुलामांनी खणली होती. वाटपाच्या प्रस्तावात त्यांचं नाव नव्हतं आणि जहाजांच्या प्रस्तावातही नव्हतं.

असो. आमच्या सभेकडे येतो.

विषय विषयपत्रिकेवर नव्हताच, ऐनवेळचा विषय म्हणून आला. नगरपरिषदेत बाकीचे विषय कार्यालय आणतं, पण ऐनवेळचा विषय ज्याला घाई असते तो आणतो. पहिली सूचना आली ती प्रभागनिहाय समान वाटपाची. ही सूचना प्रत्येक वेळी येते आणि तिला नेहमी टाळ्या पडतात, कारण ती कुणालाच नाराज करत नाही. रकमेचे इतके तुकडे होतात की प्रत्येक प्रभागात एक पेव्हर ब्लॉकची गल्ली आणि नगरसेवकाचं नाव रंगवलेली चार सिमेंटची बाकडी होतात. दुसरी सूचना वेशीवरच्या स्वागत कमानीची. तिसरी चौकात हायमास्ट दिव्याची, म्हणजे विजेचे वाचलेले पैसे वीज जाळायला. एका ज्येष्ठ सदस्यांनी कंत्राटी सफाई कामगारांच्या थकलेल्या फरकाची आठवण करून दिली. त्यावर उत्तर मिळालं, ते प्रकरण वेगळं आहे.

मी उभा राहून सांगितलं की महाराज, वाटायला पैसे आलेले नाहीत. पुढचे काही महिने बिल भरावं लागणार नाही, तेवढीच बचत आहे, आणि ती दुसऱ्या लेखाशीर्षात वळवायची तर रीतसर पुनर्विनियोजनाचा ठराव लागेल. कुणीतरी म्हणालं, "अकाउंटंटसाहेबांना गावाचं बरं झालेलं बघवत नाही." सभागृह हसलं. मीही हसलो.

मग एक पहिल्यांदाच निवडून आलेल्या बाई बोलल्या. त्यांचा प्रभाग उंचवट्यावरचा, पाणी शेवटी पोचणारा. त्या म्हणाल्या, "अध्यक्षसाहेब, ही चुकीची बिलं चालू होती त्या काळात आपण दोन ठराव केले. वीज परवडत नाही म्हणून पाणीपट्टी वाढवली. वीज परवडत नाही म्हणून रोजचं पाणी एक दिवसाआड केलं. ते दोन्ही ठराव काढा आणि वाचून दाखवा."

सभा लिपिकाने इतिवृत्ताचं पुस्तक काढलं. दोन्ही ठराव होते. सूचक-अनुमोदकांची नावं होती, एकमताने मंजूर असा शेरा होता.

मला तोपर्यंत हे सुचलं नव्हतं, कबूल करतो. मी न गेलेला पैसा लेखाशीर्षात शोधत होतो, आणि तो होता अर्ध्या इंची नळांच्या पावत्यांत. पाणीपट्टी वाढल्यावर ज्यांनी मुकाट्याने भरली त्यांचे ते पैसे. मग त्यांनाच परत द्यायचे का? मी त्या रात्री घरी बसून आकडेमोड केली. नळजोडणीमागे रक्कम फार मोठी निघत नव्हती, पुढच्या पाणीपट्टीच्या बिलात सहज वळती करता आली असती. पण ज्याने पट्टी भरलीच नाही त्याला काय द्यायचं? आणि वस्तीतल्या नळकोंडाळ्यावर पाणी भरणाऱ्या बायकांना? त्यांच्या नावावर जोडणी नाही, पावती नाही. त्यांनी पैसे भरले नव्हते, पण दिवसाआड पहाटे चारला उठून हंड्यांची रांग लावली होती. गुणकाच्या एका चुकीची किंमत कुणी रुपयांत मोजली होती, कुणी झोपेत. रुपयांचा परतावा बिलात येतो. झोपेचा कुठल्या लेखाशीर्षातून द्यायचा?

माझं मत मी मुख्याधिकाऱ्यांना टिपणी म्हणून लिहून दिलं. थोडी रक्कम भरणाऱ्यांच्या बिलात वळती करावी आणि उरलेल्यातून पाणी पुन्हा रोजचं करावं, निदान उन्हाळा संपेपर्यंत. रोजच्या पाण्याने भरणारा, थकवणारा आणि नळकोंडाळ्यावरचा, तिघांनाही काहीतरी परत मिळतं. कमान होणार नव्हती, फीत कापायला काही नव्हतं. टिपणीवर 'चर्चा करावी' असा शेरा आला.

चर्चा झाली नाही. पुढची सभा गणपूर्तीअभावी तहकूब झाली. त्यापुढची एका गटाने सभात्याग केल्यामुळे. मग आचारसंहिता लागली. आणि इकडे दर महिन्याला वीज कंपनीचं बिल येत होतं, जमा रक्कम दाखवत होतं, भरायची रक्कम शून्य. त्या शून्याने ती जमा हळूहळू खाऊन टाकली. नवं सभागृह बसलं तेव्हा बिल पुन्हा पूर्ण रकमेचं येऊ लागलं होतं. पैसे कमानीत गेले नाहीत आणि पाण्यातही गेले नाहीत. विजेचे पैसे विजेतच गेले. लेखापरीक्षणात एकही आक्षेप निघाला नाही.

मी निवृत्त व्हायच्या आधी अभिलेख वर्गीकरण चाललं होतं, जुनी रजिस्टरं नष्ट करायची होती. त्यात पंपहाऊसची लॉगबुकं निघाली. मी ज्या वर्षी परतावा मिळाला त्या वर्षाचं उघडलं. पेढे वाटले त्या दिवसाचं पान काढलं. तास बरोबर, व्होल्टेज, अँपिअर बरोबर. शेऱ्याच्या रकान्यात त्याच अक्षरात लिहिलं होतं: पंप क्र. २, ग्लँडमधून गळती, पॅकिंग दोरी मिळावी. आदल्या दिवशीही तेच. पुढच्या महिन्याची पानं चाळली, त्यांवरही तेच.